थेरपीनं फरक पडतोय का, हे मोजतात कसं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिल्या भेटीला आलेल्या माणसाच्या हातात मी एक पानी फॉर्म आणि पेन देते, तेव्हा बहुतेकांचा चेहरा बँकेनं पुन्हा केवायसी मागितल्यासारखा होतो. पुढचे प्रश्न त्याच चेहऱ्यांचे आहेत. काही क्लायंटचे, काही घरच्यांचे आणि दोन-तीन या कामात नव्यानं आलेल्या समुपदेशकांचे. उदाहरणांतली माणसं कुणी एक व्यक्ती नाहीत. बऱ्याच जणांच्या गोष्टी एकत्र करून, तपशील बदलून ती उभी केली आहेत.

मी समोर बसून सगळं सांगतेय, मग वर हा फॉर्म कशाला?

कारण सांगताना आपण आजचा दिवस सांगतो. सकाळी सासूबाईंशी खटका उडाला असेल, तर मागचा अख्खा पंधरवडा वाईट गेल्यासारखा वाटतो. रिक्षात जुनी मैत्रीण भेटली असेल, तर "तसं बरं चाललंय". फॉर्म १४ दिवसांचं विचारतो, आणि दर वेळी त्याच शब्दांत विचारतो. त्यामुळे जूनमधल्या तुमची ऑगस्टमधल्या तुमच्याशी तुलना करता येते.

दुसरं कारण जरा अडचणीचं आहे: फॉर्म तुमच्यापेक्षा माझ्यावर नजर ठेवायला आहे. त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलंय.

त्यात असतं तरी काय?

सगळ्यात जास्त वापरला जातो तो पीएचक्यू-९. उदासपणासाठीचे नऊ प्रश्न: कशात रस न वाटणं, झोप, भूक, थकवा, स्वतःबद्दल वाईट वाटणं, लक्ष न लागणं वगैरे. प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. हा २००१ साली प्रसिद्ध झाला आणि वापरायला फुकट आहे. त्याच्या प्रसाराचं निम्मं श्रेय मी या फुकटपणाला देते. काळजी आणि धास्तीसाठी त्याचंच धाकटं भावंड जीएडी-७, एकूण गुण २१. ब्रिटनमध्ये कोअर-ओएम नावाची ३४ प्रश्नांची प्रश्नावली चालते, अमेरिकेत ४५ प्रश्नांची ओक्यू-४५.

आणि एक आहे ओआरएस. आपल्याकडे हे नाव घेतलं की जुलाबावरची पुडी आठवते, पण इथे त्या आहेत कागदावरच्या १० सेंटिमीटरच्या चार रेघा. स्वतःचं, जवळच्या नात्यांचं, बाहेरच्या जगातलं आणि एकंदर कसं चाललंय, त्या जागी रेघेवर खूण करायची. मग मी पट्टी घेऊन मोजते. मिनिटभराचं काम आहे. ज्यांना वाचायचा कंटाळा येतो त्यांना हेच आवडतं.

मला १७ आले. म्हणजे मी किती वाईट आहे?

वाईट नाही आणि नापासही नाही. पीएचक्यू-९ मध्ये ५, १०, १५ आणि २० हे टप्पे आहेत: सौम्य, मध्यम, मध्यम ते तीव्र, तीव्र. १७ म्हणजे त्रास बराच आहे, आणि या कामाला आत्ता हात घालायला हवा. आकडा म्हणजे निदान नव्हे. थायरॉइड बिघडलेलं असलं, रक्त कमी असलं, तरी थकवा, झोप, भूक यांचे गुण वाढतात. म्हणून मी पहिल्या-दुसऱ्या भेटीतच "रक्त कधी तपासलं होतं?" असं विचारते आणि लोक म्हणतात, "मॅडम, मी मनासाठी आलोय."

१७ वरून १४ वर आले. बरी होतेय ना मी?

कदाचित. पण मी अजून पेढे मागणार नाही.

भाजीवाल्याचा काटा आठवा. तीच जुडी दोनदा ठेवली तरी पाच-दहा ग्रॅम इकडेतिकडे होतात. प्रश्नावलीचा काटाही तसाच हलतो. फरक किती मोठा असला म्हणजे तो काट्याचा नसून तुमचा आहे असं धरायचं, याचं गणित जेकबसन आणि ट्रुअॅक्स यांनी १९९१ साली मांडलं आणि आजही तेच वापरतात. त्याला खात्रीलायक बदलाचा निर्देशांक (रिलायेबल चेंज इंडेक्स) म्हणता येईल. इंग्रजी आद्याक्षरं घेतली तर तो आरसीआय होतो, आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी करणारी आपली भारतीय पुनर्वास परिषदही आरसीआयच. नव्या विद्यार्थ्यांचा यात हमखास गोंधळ उडतो.

इंग्लंडच्या सरकारी सेवेत पीएचक्यू-९ साठी हा फरक ६ गुणांचा धरतात, जीएडी-७ साठी ४ गुणांचा. म्हणजे १७ वरून १४ हे काट्याच्या हलण्यातही बसू शकतं. जेकबसन आणि ट्रुअॅक्स यांनी दुसरी अटही घातली: फरक मोठा असावाच, पण माणूस त्रास असलेल्यांच्या गटातून नसलेल्यांच्या गटात गेलेला असावा. पीएचक्यू-९ वर ही रेघ १० ची. १७ वरून ९ मध्ये दोन्ही अटी पुऱ्या होतात. २४ वरून १५ मध्ये पहिलीच होते. बदल खरा आहे, मोठा आहे, पण काम बाकी आहे. ११ वरून ९ मध्ये माणूस १० ची रेघ ओलांडतो, पण दोन गुणांचा काय भरवसा? अहवालात मात्र हा तिसराही "बरा झाला" म्हणून मिरवतो. नुसत्या "इतके टक्के बरे झाले" या वाक्यापाशी मी थबकते ती यामुळेच.

तुम्ही इतकी वर्षं हे काम करताय. तुम्हाला बघून कळत नाही?

बरा होणारा माणूस कळतो. बिघडणारा कळत नाही. हे माझं मत नाही, मोजून पाहिलेलं आहे.

२००५ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात थेरपिस्टना विचारलं गेलं, की तुमच्या क्लायंटपैकी कोण शेवटी आणखी वाईट अवस्थेत जाईल? ५५० जणांमधून त्यांनी तिघांची नावं दिली. प्रत्यक्षात ४० जण बिघडले, आणि त्या तिघांतला एकच त्यांत होता. थेरपीत साधारण ५ ते १० टक्के प्रौढ माणसं बिघडतात, हे आमच्या व्यवसायात सगळ्यांनी वाचलेलं असतं. पण ती आपल्याच खोलीत बसलीत असं कुणाला वाटत नाही. २०१२ साली १२९ जणांना स्वतःची तुलना इतर थेरपिस्टशी करायला सांगितली. आपण शंभरातल्या ऐंशी जणांपेक्षा सरस आहोत, असं त्यांचं सरासरी उत्तर आलं. आपण सरासरीपेक्षा कमी आहोत असं म्हणणारा एकही निघाला नाही. रस्त्यावरच्या प्रत्येक ड्रायव्हरला आपणच तेवढे नीट चालवतो असं वाटतं ना, तसंच.

माझंही वेगळं नव्हतं. एका मुलीच्या नोंदींत मी ओळीनं सहा आठवडे "चांगली प्रगती" लिहिलं होतं. ती वेळेवर यायची, छान बोलायची, माझं म्हणणं वहीत उतरवून घ्यायची, जाताना हसून "थँक्यू" म्हणायची. फॉर्म मी फाइलला लावत होते, बघत नव्हते. सातव्या आठवड्यात सगळे शेजारीशेजारी ठेवले: १६, १५, १७, १६, १८, १८. मी ते तिच्यासमोर ठेवले आणि विचारलं, "मला वाटत होतं आपलं छान चाललंय. हे काय सांगतंय?" ती बराच वेळ वहीच्या स्पायरलशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही." घरी आईला जे ती बोलू शकत नव्हती, तेच मलाही बोलत नव्हती. आमचं खरं काम त्या दिवशी सुरू झालं.

म्हणून फॉर्म घेऊन कपाटात टाकण्याला माझ्या लेखी शून्य किंमत आहे. अमेरिकेत मायकेल लॅम्बर्ट यांच्या गटानं याची पद्धतच बसवली: अपेक्षित वाटेवर नसलेल्या क्लायंटबद्दल थेरपिस्टला रंगीत इशारा जातो. असा इशारा मिळाला की घसरणाऱ्यांचं नुकसान कमी होतं, असं त्यांच्या अभ्यासांत दिसलं. सगळ्याच अभ्यासांत फायदा तितका ठळक नाही, हेही सांगायला हवं. इशारा आल्यावर थेरपिस्ट काय करतो, तिथेच बहुतेक फरक पडत असावा.

थेरपीनंच बरं वाटलं हे कशावरून? दिवस गेले की माणूस सावरतोच.

हा प्रश्न बहुधा वडील विचारतात, आणि तो अगदी रास्त आहे. सर्दी औषधानं सात दिवसांत बरी होते आणि बिनऔषधाची आठवड्यात, असं आपण म्हणतोच. शिवाय माणूस थेरपीला येतो तो सगळ्यात वाईट आठवड्यात. त्यानंतरचा आठवडा काही न करताही जरा बरा असण्याची शक्यता जास्तच.

१९५२ साली लंडनमध्ये मानसशास्त्रज्ञ हान्स आयझेंक यांनी हेच म्हटलं: दोन वर्षांत दोन-तृतीयांश रुग्ण उपचाराविनाही सुधारतात, मग तुमच्या थेरपीनं काय साधलं? त्यांच्या आकडेमोडीवर पुढे पुष्कळ टीका झाली, पण त्या टोमण्यानं सगळ्यांना मोजायला लावलं. १९७७ साली स्मिथ आणि ग्लास यांनी ३७५ अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला: थेरपी घेतलेला सरासरी माणूस, न घेतलेल्यांपैकी ७५ टक्के लोकांपेक्षा बरा होता.

मला मात्र वडिलांना गोव्याचं उदाहरण द्यायला आवडतं, कारण ते आपल्या दाराशी घडलंय. विक्रम पटेल आणि संगथ या संस्थेच्या लोकांनी गोव्यातल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत पीएचक्यू-९ वर १४ पेक्षा जास्त गुण आलेल्या ४९५ जणांना घेतलं. कुणाला काय मिळणार ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. एका गटाला केंद्रातले नेहमीचे उपचार, थोडे सुधारून. दुसऱ्याला तेच, वर ६ ते ८ सेशन. ती सेशन घेणारे कुणी डॉक्टर किंवा मानसशास्त्राचे पदवीधर नव्हते. गावातलीच, प्रशिक्षण दिलेली माणसं होती. रुग्णाला अंथरुणातून उठवून हळूहळू कामाला, माणसांत, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत परत आणायचं, हा गाभा. ३ महिन्यांनी तपासणी केली ती कोण कुठल्या गटात आहे हे ठाऊक नसलेल्यांनी. समुपदेशन मिळालेल्यांतले ६४ टक्के १० च्या खाली आले होते. न मिळालेल्यांतले ३९ टक्के. हे २०१७ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं.

वडिलांचं म्हणणं त्या ३९ मध्ये आहे, आणि माझं ६४ मध्ये. दिवस गेल्यावर पुष्कळ जण सावरले, खरंच. पण समुपदेशनाबरोबर सावरणारे शंभरामागे २५ ने जास्त होते. ही तुलना एकट्या माणसाच्या फॉर्मवरून कधीच करता येत नाही. तुमचे १७ चे ९ झाले, तर त्यात माझा वाटा किती आणि तुमच्या बदलीच्या ऑर्डरचा किती, हे मी शपथेवर सांगू शकत नाही.

आकडा हलत नाही, पण मला वेगळं वाटतंय. कुणाचं खरं मानायचं?

एक काकू होत्या. यजमान गेल्यापासून आठ महिने घराबाहेर पडलेल्या नव्हत्या. पाच आठवड्यांत त्यांचे गुण १७ वरून १५ झाले. काट्याच्या हिशेबानं काहीच नाही. पण आम्ही दुसऱ्या भेटीत एक शिडी लिहिली होती. अशी शिडी लिहायची पद्धत किरेसुक आणि शर्मन यांनी १९६८ साली सांगितली: शून्यावर अपेक्षित मजल, खाली उणे २ पर्यंत, वर अधिक २ पर्यंत. काकूंची शिडी त्यांच्याच शब्दांत होती. उणे २: दूधवाला पिशवी कडीला लावून जातो, मी तो गेल्यावर दार उघडते. उणे १: जिना उतरते, फाटकाला हात लावून परत येते. शून्य: आठवड्यातून तीनदा कोपऱ्यावरच्या डेअरीतून दूध मी आणते. अधिक १: वाटेत कुणी "कशा आहात?" विचारलं तर थांबून बोलते. अधिक २: गुरुवारी भजनाला जाते.

पाचव्या आठवड्यात काकू अधिक १ वर होत्या. झोप अजून तुटकीच, भूक अजून नाही, म्हणून पीएचक्यू-९ जागचा हलला नव्हता. दोन्ही खरं होतं. वागणं आधी बदललं, मागून झोप आली. गुण ९ वर यायला आणखी दोन महिने लागले. उलटंही होतं, फॉर्म सुधारतो आणि माणूस आहे तिथेच असतो.

स्कोअर उतरला, पण घरचे म्हणतात काहीच बदललं नाही.

घरच्यांचा फॉर्म वेगळा असतो. तुमची घालमेल थांबली का, हे ते बघत नाहीत. चिडचिड कमी झाली का, मुलाचा अभ्यास घेता का, हे बघतात. कधी ते बरोबर असतात. कधी मात्र "बदल नाही" याचा अर्थ "पूर्वी गप्प बसायची, आता उलट बोलते" असा निघतो, आणि आमच्या हिशेबात ती प्रगती असते.

मराठीतले प्रश्न पुस्तकी वाटतात. नीट कळले नाहीत तर?

विचारा. पीएचक्यू-९ ची मराठी आवृत्ती आहे, पण "निराश" या शब्दावर बरेच जण अडतात. "मॅडम, निराश नाही हो, नुसतं मन लागत नाही." किंवा "जीव घाबरा होतो." किंवा नुसतं "टेन्शन". त्यातलं किती त्या प्रश्नात बसतं, हे दोघांनी मिळून ठरवायचं. "अर्ध्याहून अधिक दिवस" हे उत्तर तर कुणालाच जमत नाही. मी भिंतीवरचं कालनिर्णय दाखवते आणि म्हणते, या पंधरवड्यात बोट ठेवून सांगा.

आकड्यामागचा संसारही बघावा लागतो. नवरात्राचे नऊ उपवास चालू असताना भुकेच्या प्रश्नाचं काय करायचं? एमआयडीसीत रात्रपाळी करणाऱ्याला झोपेबद्दल ३ गुण मिळतात ते कंपनीच्या वेळापत्रकाचे. बाळंतिणीला झोप आणि थकवा यांचे गुण बाळच मिळवून देतं. त्यांच्यासाठी १९८७ साली एडिनबरा इथे वेगळी १० प्रश्नांची प्रश्नावली तयार झाली, मी तीच वापरते. एकूण बेरीज सारखीच ठेवून आत वेगळीच माणसं असू शकतात, म्हणून मी बेरजेआधी ओळी वाचते.

नवव्या प्रश्नाला खरं उत्तर दिलं तर तुम्ही घरी फोन कराल का?

नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथे पेन थांबतं, हे मला समोरून दिसतं. ० सोडून काहीही आलं तर मी त्याच सेशनमध्ये, सरळ शब्दांत, त्याबद्दल विचारते. विचारल्यानं असे विचार डोक्यात घुसत नाहीत. उलट बऱ्याच जणांच्या खांद्यावरचं ओझं उतरतं. "कधीकधी वाटतं सगळं संपावं" एवढ्यावरून मी कुणाला फोन करत नाही. जिवाला धोका समोर दिसत असेल तर मात्र कुणाला तरी सांगावंच लागतं, आणि ते कुणाला, हे शक्यतो तुमच्याशी बोलून ठरवते. भेटीची वाट बघण्याइतका धीर नसेल तेव्हा टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन, १४४१६, रात्री-अपरात्रीही, फुकट.

खोटं भरलं तर?

भरतात लोक. एका गृहस्थांचा फॉर्म सलग तीन वेळा सगळा शून्य. मग लक्षात आलं, की बाहेरच्या बाकावर ते फॉर्म भरायचे तेव्हा बायको खांद्यावरून वाचत असायची. चौथ्या वेळी खोलीत, दार लावून भरला: १९. कुणी रजेचं सर्टिफिकेट हवं म्हणून वाढवून भरतं, कुणी मला बरं वाटावं म्हणून कमी भरतं. यांत माझ्या मते दुसरा प्रकार जास्त आहे.

किती सेशनमध्ये फरक पडतो?

१९८६ सालचा एक जुना, पुष्कळ वेळा सांगितला जाणारा हिशेब आहे: ८ सेशनपर्यंत निम्मे लोक सुधारतात, २६ पर्यंत तीन-चतुर्थांश. लहानपणापासूनचं दुखणं असेल तर जास्त. माझा नियम साधा आहे. चौथ्या-पाचव्या भेटीपर्यंत फॉर्मवर, शिडीवर, कुठेच काही हललं नसेल तर त्याच रस्त्यानं पुढे जायचं नाही. पद्धत बदलायची, औषधासाठी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवायचं, नाहीतर दुसरा थेरपिस्ट सुचवायचा.

स्कोअर वाढला. थेरपीनं बिघडलं का?

कधी कधी वाढ म्हणजे पहिल्यांदा खरं भरलेला फॉर्म असतो. दारू नुकतीच सोडलेल्याची झोप उडते, गुण वाढतात. पण "आधी जास्त दुखतं, मग बरं वाटतं" हे वाक्य थेरपिस्टनं फार वेळा वापरलं तर सावध व्हा. ओळीनं दोन-तीन वेळा वाढ दिसत असेल तर ते समोर ठेवून बोलण्याचा तुम्हाला हक्क आहे, आणि त्यानं आम्ही रागावलो तर तो आमचा प्रश्न.

स्कोअरवरून चांगला थेरपिस्ट निवडता येईल?

मोह होतो खरा. इंग्लंडमध्ये २००८ पासून सरकारी खर्चानं थेरपीची मोठी सेवा चालते. तिथे सेशन-सेशनला फॉर्म भरून घेतात, त्यामुळे मध्येच सोडून गेलेल्याचाही शेवटचा आकडा हाती राहतो; ही त्यांची गोष्ट आपण उचलावी. ५० टक्के लोक "बरे" व्हावेत असं लक्ष्यही तिथे बरीच वर्षं ठेवलेलं होतं. आकडा लक्ष्य झाला की सोपी माणसं घ्यायचा मोह वाढतो. ११ गुणांवर आलेल्याला रेघेखाली आणणं आणि नवऱ्याची मारहाण सोसून २४ वर आलेल्या बाईला १५ वर आणणं, यात मोठं काम कुठलं? पहिल्याची टक्केवारी लागते, दुसऱ्याची लागत नाही. त्यामुळे थेरपिस्टला "तुमचा यशाचा दर किती?" असं विचारू नका. "माझं काही हलत नाहीये हे तुम्हाला कसं कळेल?" असं विचारा. पहिल्याचं उत्तर कुणीही देतं.

हे फॉर्म कोण बघतं?

मी आणि तुम्ही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार गोपनीयता हा तुमचा हक्क आहे आणि स्वतःच्या नोंदी बघण्याचाही. ऑफिसनं पैसे भरले म्हणून एचआरला गुण कळत नाहीत.

फॉर्म घरी नेऊन निवांत भरून आणू का?

नको. मागच्या वेळी नेलेले चार अजून यायचे आहेत. पाच मिनिटं आधी या, चष्मा आणा, खोलीत बसून भरा.